जप्त केलेले मेथीचे लाडू

"डॉक्टरसाहेब, तुमचं स्वतःचं कोलेस्टेरॉल किती आहे?"

रेवतीने हे विचारलं आणि कळमनुरीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की मागच्या रांगेत कुणीतरी चोरून खात असलेल्या चिवड्याचा कुरकुर आवाज थेट मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत पोचला.

प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. 'हृदयाची निगा' या विषयावर बोलायला आलेल्या डॉक्टरांचं पोट शर्टाच्या बटणांशी झटापट करत होतं. ते पाहून शेजारी बसलेली निलम तिच्या कानाशी कुजबुजली होती, "हिंमत असली तर विचार. नाही विचारलंस तर वर्षभर माझ्या विज्ञानाच्या वह्या तू उतरवायच्या." महिन्याभरापूर्वी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यातून दुसरी आल्यापासून रेवतीला स्वतःचा आवाज भारी आवडायला लागला होता. संधी दिसली की तो आपोआप बाहेर पडायचा. पैज म्हणजे नुसतं निमित्त.

डॉक्टर रागावले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ते मनापासून हसले. "दोनशे एकतीस. गोळी घेतो, रोज तीन किलोमीटर चालतो, आणि हे पोट गेल्या वर्षी याहून मोठं होतं. आता माझा प्रश्न. तुझ्या वडिलांचं किती?"

रेवतीला वडिलांच्या चपलेचा नंबर ठाऊक होता, मोबाईलचा पासवर्ड ठाऊक होता (तो त्यांनाच ठाऊक नसायचा), पण हा आकडा नव्हता. 'माहीत नाही सर' म्हणून खाली बसता आलं असतं. शहाणी मुलगी बसलीच असती. रेवती म्हणाली, "सोमवारी सांगते."

तिचे बाबा म्हणजे विश्वजीतराव औंढेकर. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक. चोवीस वर्षं कागद हलवून हलवून त्यांची मान आपोआप नकारार्थी हलायची. "काहून पण? मी तर एकदम बराबर आहे. सुईबिई टोचून घ्यायला मला काय झालंय?" पण मुलीने सबंध शाळेसमोर शब्द दिला आहे म्हटल्यावर ते शनिवारी बसस्टँडजवळच्या ओमप्रकाशच्या लॅबमध्ये बाही वर करून बसले. सोमवारी आकडा आला. दोनशे चौसष्ट.

त्या रात्री बाबा अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठले. त्यांचे वडील, म्हणजे रेवतीचे आजोबा, एकावन्नाव्या वर्षी कचेरीत फाईलची नाडी बांधता बांधता टेबलावरच कलंडले होते. बाबांना येत्या श्रावणात एकोणपन्नास पूर्ण होणार होती. घरात हे गणित कुणी मोठ्याने करत नसे, पण येत सगळ्यांना होतं.

दुसऱ्या दिवशी अहवाल पाहून त्याच डॉक्टरांनी गोळी सुचवली. बाबा म्हणाले, "साहेब, पेन्शन आणि गोळी, एकदा सुरू झाली की मरेपर्यंत. अजून पेन्शन सुरू नाही, गोळी कशी करू?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "बाकी सगळं ठीक आहे म्हणून तीन महिने देतो. खाणं सुधारा, चाला. आकडा उतरला तर बघू, नाही उतरला तर गोळी, तिथं घासाघीस नाही. आणि छातीत काही वाटलं तर तीन महिन्यांची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला यायचं."

"आकडा उतरेल," रेवती म्हणाली. "माझी जबाबदारी."

ही जबाबदारी तिला कुणी दिली नव्हती. पण तालुक्यात दुसरी आलेली मुलगी कुणी देण्याची वाट कशाला बघेल?

फ्रीजवर यादी चिकटली. ज्वारीची भाकरी, सालाची मुगाची डाळ, जवस, मेथ्या, लसूण, आवळा, मूठभर शेंगदाणे (मूठ रेवतीची, बाबांची नव्हे). खाली लाल शाईत: भजी, वनस्पती तूप, बेकरीची खारी, फरसाण, शंकरपाळे. तुपाच्या बरणीवर चिठ्ठी: 'अर्धा चमचा. हा चमचा. तो मोठा नव्हे.' आई, म्हणजे निताताई, यादी वाचून एवढंच म्हणाली, "लाल शाईचं सगळं दिवाळीपासून डब्यात भरून ठेवलंय, त्याचं काय?"

"विल्हेवाट लाव," रेवतीने हुकूम सोडला.

"लावते," आई म्हणाली. आठवड्याभरात सगळे डबे रिकामे! असं तत्पर खातं रेवतीने अख्ख्या तालुक्यात पाहिलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं रुळावर होतं. मग गल्लीला कळलं.

पहिल्या आल्या शेजारच्या गंगूताई. "काहून रे विश्वजीत, रक्तात चरबी झाली म्हणं? मेथ्या खा बाबा मेथ्या. आमचे हे मेथ्यांवरच ऐंशी वर्षं जगले." मेथ्या यादीत होत्याच, त्यामुळे रेवती खूश झाली. दुसऱ्या दिवशी गंगूताईंनी मेथ्या पाठवल्या. लाडू करून. पाव किलो मेथ्या, त्यांना जोडीला किलोभर कणीक, गूळ, डिंक, खोबरं, खारीक, आणि या सगळ्या मंडळींना एकत्र नांदवायला दीड किलो साजूक तूप. लाडू उचलला तर बोटांना चकाकी यायची.

"गंगूताई, यात तूप किती!"

"मग? नुसत्या मेथ्या काय म्हशीला घालायच्या असतात होय? आजारी माणसाला कोरडं देऊ नाही, लेकरू."

तेव्हा रेवतीला गल्लीचा कायदा उमगला. आपल्याकडे गुणकारी वस्तू कुणी नुसती देतच नाही. नुसती देणं म्हणजे कंजूषपणा. गुण वस्तूचा असतो, पण माया तुपातूनच दिसावी लागते.

लाडू तिने तिथल्या तिथे जप्त केले आणि डबा आईच्या हवाली केला. आता रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे काय सांगायला हवं? आईने त्यात चकल्या भरून पाठवल्या. मग गंगूताईंना डबा रिकामा पाठवणं जड गेलं. तो परत आला, आवळ्यांसकट. आवळे यादीत होते. पण मोरावळा होऊन आले होते, आणि पाकात इतके बुडालेले की आवळा शोधायला गळ टाकावा लागला असता. जप्त.

समोरच्या घरातले दत्तोपंत निवृत्त हेडक्लार्क. ते सल्ला तोंडी देत नसत, फोनवर आलेला मजकूर चष्मा कपाळावर चढवून वाचून दाखवत. "कच्चा लसूण! सात पाकळ्या. अनशापोटी. चावून. विश्वजीत, हे शास्त्रात आहे."

"कुठल्या शास्त्रात, काका?"

"खाली लिहिलंय ना, 'सर्वांना पाठवा' म्हणून. खोटं असतं तर पाठवा कशाला म्हणाले असते?"

बाबांनी चार दिवस सात पाकळ्या चावल्या. पाचव्या दिवशी त्यांचे कचेरीतले सहकारी नेमसिंग राठोड घरी आले आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलले. "ताई, विश्वजीतभाऊंमुळं आमच्या हापिसात लई भराभर कामं उरकून राहिलीत. शेताच्या पाणीपाळीचं विचारायला आलेला माणूस टेबलापाशी टिकतच न्हाई. पर मोठ्या साहेबांनी यांचं टेबल जिन्याखाली हलवलंय, तेवढं बघा."

बाबांच्या स्वाभिमानाला ती जखम फार खोल झाली. चोवीस वर्षांची खिडकीजवळची जागा गेली होती. रेवतीने लसूण शिजवून भाजीत घालायचा असा दुरुस्तीचा आदेश काढला. तो गंगूताईंच्या कानावर जाताच संध्याकाळी वाटीभर लसूण तुपात खरपूस तळून आला. "कच्चा उष्ण पडतो गं, म्हणून!" जप्त.

नेमसिंगकाकांनी तांड्यावरच्या त्यांच्या शेतातलं जवस आणलं होतं, आणि घाण्यावरून काढलेल्या करडईच्या तेलाचा पाच लिटरचा डबा. "हे तेल हृदयाला बेस. जवसाची चटणी करा, मधी आळं करा, अन् त्यात तेल ओता, ओता, ओता..." काकांचा हात हवेत ओतत राहिला तेव्हा रेवतीने चटणीच्या वाटीवर तळहात झाकला. चटणी ठेवली, तेलाचं माप दिवसाला तीन चमचे ठरलं. या एका बाबतीत मात्र सगळं सुरळीत झालं. भाकरी, मुगाची डाळ, जवसाची चटणी, आणि पहाटे बाबांच्या मागे शिट्टी घेऊन चालणारी रेवती. गल्लीतली कुत्री आधी भुंकायची, पुढे नुसतीच सोबत यायला लागली.

आणि मग एका मंगळवारी तिला बाबा बसस्टँडसमोर सापडले. हातात वर्तमानपत्र, वर्तमानपत्र उलटं, आणि त्यामागे मिरचीची भजी.

"बाबा!"

"वाचून राहिलो गं."

"उलटं?"

"मी फक्त वास घेतला. विचार याला." 'याला' म्हणजे नेमसिंगकाकांना, त्यांच्या तोंडात अख्खी मिरची असल्यामुळे साक्ष होऊ शकली नाही.

घरी आल्यावर बाबांनी बाजू मांडली. "तू एकदम नाही म्हणतेस. आमच्या खात्यात नाहीसुद्धा अर्ज आल्याशिवाय म्हणत नाहीत. पद्धत आहे काही?"

रेवतीला हे पटलं. खरं सांगायचं तर फारच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून लाल नाडीची एक फाईल सुरू झाली, आणि बाबांचा पहिला अर्ज दाखल झाला:

'प्रति, मा. आरोग्य अधिकारी, स्वयंपाकघर विभाग, यांच्या सेवेशी. विषय: संक्रांतीनिमित्त गुळाची पोळी तुपासह मंजूर होणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार गेली सत्तेचाळीस वर्षे सदर पोळी तुपासह खात आलेला असून यापूर्वी कोणतीही हरकत घेण्यात आलेली नाही...'

रेवतीने कोपऱ्यात शेरा मारला: 'पोळी एक मंजूर. तूप नामंजूर. वाढलेली तुपाची वाटी व उरलेल्या पोळ्या आईकडे सुपूर्द.' खाली सही. सहीला तिने दोन ठिपके आणि एक वेलांटी जास्तीची दिली, कारण अधिकाऱ्याची सही वाचता येऊ नये असा संकेत आहे.

मग अर्जांचा पाऊसच पडला. दत्तोपंतांच्या नातवाच्या मुंजीतल्या जिलबीबाबत: नामंजूर, घरी आलेला पुडा आईकडे सुपूर्द. दुधावरच्या सायीबाबत: नामंजूर, साय आईकडे. हुरड्याला गेल्यावर शेव घ्यावी की कसे याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत: हुरडा घ्यावा, शेव आईकडे. आई पोळ्या लाटता लाटता अर्ज ऐकायची आणि हसायची. सगळ्यांची जेवणं झाली की स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून घ्यायची. तिथे काय चालतं याबाबत कुणाचा अर्ज नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांनीही कधी लक्ष घातलं नाही.

तीन महिने भरले. बाबांच्या पट्ट्याला आतलं भोक लागायला लागलं होतं. ओमप्रकाशच्या लॅबमध्ये फेरतपासणीला निघताना रेवतीने आईलाही सोबत घेतलं, कारण लॅबच्या दारावर फलक होता: 'जोडीने तपासणी, दुसऱ्याची अर्ध्या दरात.' अर्ध्या दरात म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस दाढसुद्धा काढून घेतो.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "मी काय आजारी आहे का?"

पण जोडीच्या सवलतीला ॲपवर नोंदणी लागायची, नोंदणीला आईच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा आकडा लागायचा, आणि तो मोबाईल तीन वर्षांपूर्वी सहलीत सिद्धेश्वर धरणात पडला होता.

"मग ओटीपी तिकडंच गेला असंल," ओमप्रकाश गंभीरपणे म्हणाला. "दुसरा नंबर जोडून आणा. आठ दिवस लागतात."

"माशांकडं गेला असेल तर गेला. परत चला," आईला सुटका दिसली.

आता ऐकेल ती रेवती कसली! ती आधारच्या केंद्रावर तीन दिवस रांगेत उभी राहिली. पहिल्या दिवशी मशीन बंद, दुसऱ्या दिवशी मशीन चालू आणि माणूस जेवायला, तिसऱ्या दिवशी आईचा अंगठा मशीनला ओळखू येईना. "भांडी घासून रेषा गेल्यात मॅडमच्या," केंद्रातला माणूस म्हणाला. शेवटी करंगळी ओळखू आली. मग आणखी आठ दिवसांनी, एका शुक्रवारी, दोघांनी जोडीने रक्त दिलं.

अहवाल संध्याकाळी फोनवर आला. गंगूताई आणि दत्तोपंत आधीच येऊन बसले होते. आकडा उतरला तर श्रेय मेथ्यांचं की लसणाचं हे ठरायचं होतं. रेवती मधोमध उभी राहिली, घसा साफ केला, फोन उघडला आणि वाचलं.

"दोनशे... एक्याऐंशी."

उतरला नव्हता. चढला होता. सतराने!

"लसूण शिजवलात ना?" दत्तोपंतांनी पहिला दगड टाकला. "शास्त्र मोडलं की असं होतं."

"लाडू जप्त करती म्हणं," गंगूताई म्हणाल्या. "मायेनं दिलेलं जप्त केलं की तकलीफ होणारच."

रेवतीचे कान तापले. तीन महिने पहाटे पाचला उठणं, शिट्टी, फाईल, सह्या, सगळं तिच्या डोळ्यांसमोर पालथं पडलं. पण खरं तिला दिसत होतं ते टेबल. टेबलावर कलंडलेले आजोबा तिने पाहिलेही नव्हते, तरी ते दिसत होते, आणि त्यांचा चेहरा बाबांचा होता. "बाबा, खरं सांगा. काय खाल्लंत?"

"शपथ घेतो. त्या मंगळवारनंतर भजं नाही. नेमसिंगच्या पुतण्याच्या वाढदिवसाला केक, पण तो चमचाभर. चमचाभर केकनं सतरा चढतं का गं?" बाबांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि न्याहाळत राहिले. सरकारी माणूस आधी कागदाचा वरचा भाग वाचतो. "थांब. यात वय बेचाळीस लिहिलंय. मी इतका तरुण कधी झालो?"

"चुकलं असेल."

"अन् लिंग, स्त्री."

दत्तोपंतांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. बाबांनी वरचं नाव वाचलं, आणि सावकाश, एखादी जड फाईल उतरवावी तसा फोन खाली ठेवला. "हा निताचा आहे."

दुसरा अहवाल खाली होता. विश्वजीत औंढेकर, दोनशे नऊ. पंचावन्नने उतरला होता. कुणी टाळी वाजवली नाही.

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई पिठाचे हात पदराला पुसत उभी होती. "माझा चुकीचा असेल," ती म्हणाली. "मी तर काही खातच नाही. तुमचं उरलेलं तेवढं."

रेवतीने फाईल काढली आणि सतरा अर्ज एकामागोमाग उलटले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ती ऐटदार, न वाचता येणारी सही होती, आणि सहीच्या वर, चांगलं ठळक, वाचता येण्याजोगं: आईकडे सुपूर्द.

"आई, लाडू?"

"टाकून द्यायचे? एवढ्या मायेनं दिलेले?"

"बाई गं, सगळे तू खाल्लेस?" गंगूताईंनी तोंडावर हात ठेवला. "एकवीस होते ते!"

"रोज एक. सकाळच्या चहाबरोबर. साय चपातीला लावायची. तूप वाटीत राहिलं की भातावर. अन्न आहे ते, गटारात ओतायचं होय?" आई हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की त्यात तक्रार शोधूनही सापडली नसती. "माझं काय एवढं. यांचं उतरलं ना? झालं मग."

"निताताई, काळजी करू नका," दत्तोपंत फोन चाळायला लागले, "बायकांसाठी दुधीचा रस..."

"काका," रेवती म्हणाली, "तुम्ही आणि गंगूताई उद्या या. आज नको." आवाज वक्तृत्वातला नव्हता. त्यामुळेच बहुधा दोघेही मुकाट उठले, आणि गंगूताईंनी जाताना ओट्यावरचा आपला डबा रिकामाच उचलला.

दार लागलं. बाबा मान खाली घालून बसले होते. "चोवीस वर्षं मी प्रत्येक कागदाची पोच घेतो," ते पुटपुटले. "इथं माल कुठं जातो ते कधी विचारलंच नाही."

"मी तर सह्या केल्या," रेवती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ते बाहीने खसकन पुसलं, कारण पुढचं बोलताना समोरचं नीट दिसायला हवं होतं. आई भाजीची कढई घेऊन वळली होती, नेहमीसारखं विचारायला, की ताटं दोन घेऊ ना.

"तीन," रेवती म्हणाली. "बस आई. बाबा, तुम्हीपण ऐका. सोमवारी सकाळी आपण तिघं डॉक्टरांकडे जायचं. ते आईला गोळी म्हणाले तर गोळी, त्यावर कुणी काही बोलायचं नाही, आईने तर नाहीच. स्वयंपाक मोजून तिघांपुरता होईल. संध्याकाळी भाकरी मी थापणार, वाकड्या झाल्या तर वाकड्या खायच्या. बाबा भाजणार. आणि सगळं झाल्यावर तिघांनी एकदम ताटावर बसायचं. या घरात आई आता शेवटी जेवणार नाही. मी ठरवलंय."